आधी पाणी मुरू द्या, मग मासे आणा



शाळेचे निकाल लागले की घरोघरी मुलांच्या मागण्या सुरू होतात. कोणाला सायकल हवी असते, कोणाला बॅट हवी असते, आणि बऱ्याच मुलांना काचेच्या टाकीतले रंगीत मासे हवे असतात. मागणी वाईट नाही. मुलाच्या हाती मोबाईल देण्यापेक्षा त्याने तासभर मासे न्याहाळलेले केव्हाही चांगले. पण आपल्यासारख्या हातावर पोट असणाऱ्या घरात ही हौस सहसा आठ-दहा दिवसांत संपते. ती का संपते आणि ती टिकवायची कशी, हे आज या सदरात पाहू.

बहुतेक ठिकाणी घडते ते असे. वडील पगाराच्या दिवशी मुलाला घेऊन विट्याला किंवा कराडला जातात. दुकानातून टाकी, रंगीत खडे, हवेचा पंप आणि पिशवीत बांधलेले सहा-आठ मासे घेऊन येतात. त्याच संध्याकाळी टाकीत नळाचे पाणी भरतात आणि मासे सोडतात. घर हरखून जाते, शेजारची मुले बघायला येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक मासा तळाशी बसून राहतो. पाचव्या दिवशी दोन मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागतात. आठवडाभरात टाकी रिकामी होते.

मग कारणे शोधली जातात. आजी म्हणते, नजर लागली. कोणी म्हणते, टाकीची दिशा चुकली. कोणी समजूत घालते की घरावरचे संकट माशाने अंगावर घेतले, म्हणजे झाले ते बरेच झाले. दुकानदाराला विचारावे तर तो म्हणतो, "दादा, पाणी सगळं बदला आणि हे निळं औषध टाका." आणि घरात शेवटी बोलणी बसतात ती पोरालाच, की तूच जास्त खायला घातलेस!

या साऱ्यात खरे कारण कोणी सांगत नाही. मासे नजरेने मेले नाहीत आणि दिशेनेही मेले नाहीत. ते स्वतःच्याच मलमूत्राच्या विषाने मेले. ते विष मोडणारी व्यवस्था नव्या टाकीत अजून उभीच राहिलेली नव्हती. पाणी काचेसारखे नितळ दिसत होते, पण नितळ पाणी निर्मळ असतेच असे नाही. हे कारण एकदा समजले की उपायही समजतो, आणि त्या उपायाला खर्च फार नाही. त्याला लागतात सुमारे सहा आठवडे आणि थोडी सबुरी.

टाकीचा जमाखर्च

माशाने खाल्लेल्या अन्नातील प्रथिनांचे पचन झाले की अमोनिया तयार होतो. गोठ्यात किंवा सार्वजनिक मुतारीत नाकाला झोंबतो तोच हा वायू. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत किंवा तळ्यात पाणी अफाट असते, त्यामुळे तो विरळ होतो. टाकीत तेच पन्नास लिटर पाणी असते. म्हणजे जमेच्या बाजूला रोज भर पडते आणि खर्ची टाकणारे कोणीच नाही. शिल्लक वाढत जाते, आणि ही शिल्लक विषाची असते.

निसर्गाने हा खर्च टाकण्याची सोय केलेली आहे. डोळ्यांना न दिसणारे काही जिवाणू अमोनियावरच जगतात. ते अमोनियापासून नायट्राईट बनवतात. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राईटपासून नायट्रेट बनवतात. कचेरीत फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, तसेच हे काम आहे. पहिल्या टेबलावरचा कारकून आधी रुजू होतो, दुसऱ्या टेबलावरचा बऱ्याच दिवसांनी येतो. तोपर्यंत दुसऱ्या टेबलावर फायलींचा ढीग साचतो. नव्या टाकीत नायट्राईटचा ढीग साचतो तो याच कारणाने.

हा ढीगही साधासुधा नाही. अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. नायट्राईट रक्तात शिरले की रक्ताचा ऑक्सिजन वाहून नेण्याचा गुण जातो, रक्त तपकिरी पडते, आणि पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. म्हणून तो वर येऊन धापा टाकतो. तिसऱ्या पायरीवरचे नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य असते. आठवड्याला थोडे पाणी बदलले आणि टाकीत पाणवनस्पती लावल्या की ते आटोक्यात राहते.

आपल्या भागाने एक गोष्ट जास्तच ध्यानात ठेवली पाहिजे. पाण्यातल्या अमोनियाचा सगळाच भाग सारखा विषारी नसतो. किती भाग विषारी, हे पाण्याच्या सामूवर आणि तापमानावर ठरते. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर विषारी भाग सुमारे अर्धा टक्का असतो. सामू ८ झाला की तोच सुमारे पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट! कडेगाव-खानापूरच्या दुष्काळी पट्ट्यात बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते, भांड्यावर पांढरा थर धरते. अशा पाण्याचा सामू बहुधा सातच्या वरच असतो. उन्हाळ्यात त्यात उष्णतेची भर पडते. म्हणून आपल्याकडे घाई अधिक महागात पडते.

हे कोडे सुटले कसे?

माती अमोनियाचे नायट्रेट करते, हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक होते. पण ते काम सजीव करतात की नुसते रसायन, याचा उलगडा १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोन शास्त्रज्ञांनी केला. त्यांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून गटाराचे पाणी हळूहळू सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही, आत गेलेला अमोनिया तसाच बाहेर येत राहिला. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि काम ठप्प झाले. थोड्या बागेच्या मातीचे पाणी नळीत ओतल्यावर ते पुन्हा सुरू झाले. नुसते रसायन असते तर ते क्लोरोफॉर्मने थांबले नसते, आणि वीस दिवस वाटही पाहत बसले नसते. काम करणारे जिवंत आहेत, हे सिद्ध झाले.

पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखवले. त्यानंतरही शंभर वर्षे यात शोध चालूच राहिले. नायट्राईट मोडणारा जिवाणू कोणता, याबद्दल पुस्तकांत वर्षानुवर्षे नायट्रोबॅक्टर हेच नाव छापले जाई. १९९८ साली अमेरिकेतील संशोधकांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासून दाखवले की तेथे ते काम नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू करतात. आणि २०१५ साली युरोपातील दोन गटांनी दोन्ही टेबलांचे काम एकटाच उरकणारा नायट्रोस्पायरा शोधून काढला. त्यांपैकी एका गटाला तो मत्स्यपालनाच्या टाक्यांचे पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत सापडला. म्हणजे घरातली माशांची टाकी ही नुसती शोभेची वस्तू नाही, ज्या यंत्रणेतून विज्ञानाला नवे काही सापडले त्याच यंत्रणेचा तो छोटा नमुना आहे. आपल्या मुलांना हे जरूर सांगा.

मुंबईच्या गिरण्यांत सातारा-सांगलीकडची किती माणसे गेली! त्यांच्याकडे पाहुणे गेले की मरीन ड्राईव्हचे तारापोरवाला मत्स्यालय बघणे ठरलेले असे. १९५१ साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयात काचेपलीकडचा मासा पाहून पुष्कळांनी तोंडात बोट घातले असेल. पण पाहणाऱ्याला काच दिसते, मासा दिसतो. काचेमागची पाणी गाळण्याची यंत्रणा दिसत नाही. मोठे मत्स्यालय असो की घरातली दोन फुटी टाकी, मासा जगतो तो त्या न दिसणाऱ्या कामावर.

टाकी कशी लावावी?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. खडे आणि वरची मोकळी जागा वगळली तर ४५ ते ५० लिटर धरावे. भरलेली टाकी साठ किलोच्या आसपास जाते, म्हणून ती शोकेसच्या फळीवर ठेवू नका. मजबूत आणि सपाट जागा पाहा, थेट ऊन लागू देऊ नका. गोल काचेचे भांडे आणि त्यात गोल्डफिश हा प्रकार तर टाळाच. गोल्डफिश वाढला की वीतभर होतो आणि घाणही पुष्कळ करतो. त्या भांड्यात तो फार दिवस काढू शकत नाही.

यंत्र म्हणून हवेचा पंप आणि त्याला जोडलेला स्पंज फिल्टर एवढे पुरे. वर सांगितलेले जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते स्पंजावर, खड्यांवर, काचेवर बिऱ्हाड करतात. त्यांना ऑक्सिजनही भरपूर लागतो. एक ग्रॅम अमोनियातील नायट्रोजन मोडायला सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. म्हणून पंप रात्रंदिवस चालू ठेवायचा. विजेची बचत म्हणून रात्री तो बंद करणारी घरे आहेत, ती बचत माशाच्या जिवावर बेतते. वीज गेलीच तर मगाने टाकीतले पाणी घेऊन वितभर उंचीवरून परत टाकीत सोडत राहावे.

आता पाण्याचे पाहू. ग्रामपंचायत आपल्या पाण्यात टीसीएल पावडर टाकते ती आपल्या भल्यासाठी, रोगजंतू मारण्यासाठी. पण तेच क्लोरिन आपल्या कामाच्या जिवाणूंनाही मारते आणि माशांचे कल्लेही जाळते. म्हणून नळाचे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे, शक्य तर त्यात हवेचा पंप सोडावा. क्लोरिन उडाले की नाही हे पाहायचे असेल तर पाणीपुरवठा कर्मचारी जी ओटी टेस्ट करतो ती करून घ्या. पिवळा रंग आला तर क्लोरिन अजून आहे असे समजावे. बोअरच्या पाण्यात क्लोरिन नसले तरी ताज्या उपशात ऑक्सिजन कमी असू शकतो, तेव्हा तेही तसेच ठेवावे.

विरजण आणि दूध

आता मुख्य काम. टाकी भरली, पंप चालू झाला, पण मासे आणायचे नाहीत. मासे नाहीत तर अमोनिया नाही, आणि अमोनिया नाही तर जिवाणू जगणार कशावर? म्हणून त्यांना अमोनिया आपण पुरवायचा. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत बिनखर्चाची. माशांच्या खाद्याची एक चिमूट रोज रिकाम्या टाकीत टाकावी. ते कुजते आणि अमोनिया सुटतो. यात माप नेमके राहत नाही, पाणी थोडे गढूळ होते, वासही येतो. तरी रीत चालते.

दुसरी रीत मापाची. कल्हईवाले वापरतात तो नवसागर आपल्याला माहीत आहे. तो म्हणजेच अमोनियम क्लोराईड. मात्र कल्हईच्या कामातला किंवा बाजारातला भेसळीचा नवसागर वापरू नये, त्यात तांब्यासारख्या धातूचा अंश आला तर तो माशांना आणि जिवाणूंना घातक ठरतो. प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराईड थोडेसे आणावे. १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवावी, तिच्यावर ठळक चिठ्ठी लावावी आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. या पाण्यातले ३० मिलिलिटर ५० लिटरच्या टाकीत टाकले की लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. तेवढा पुरे. जास्त टाकल्याने काम लवकर होत नाही, उलट रेंगाळते.

येथे एक सूचना मुद्दाम करतो. शेतकऱ्याच्या घरात युरियाचे पोते असतेच आणि अमोनियासाठी चिमूटभर युरिया टाकावा असे कोणाच्याही मनात येईल. तसे करू नका. देशातील युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले. ते आवरण असते कशासाठी? जमिनीतल्या ह्याच जिवाणूंचे काम मंदावावे, म्हणजे खत पिकाला सावकाश मिळावे, यासाठी. ज्यांना आपण जेवायला बोलावतो आहोत, त्यांच्याच ताटात कडू निंब कशाला वाढायचा?

दही लावायला नुसते दूध चालत नाही, विरजण लागते. येथेही तसेच आहे. हवेतून, पाण्यातून थोडे जिवाणू येतातच, पण ते वाढायला वेळ घेतात. दह्याचे जंतू एका रात्रीत काम उरकतात. हे जिवाणू इतके सावकाश वाढतात की संख्या दुप्पट व्हायला त्यांना बहुधा पाऊण दिवस ते एक दिवस लागतो. म्हणून ज्यांच्याकडे वर्ष-सहा महिन्यांची निरोगी टाकी आहे, अशा ओळखीच्या माणसाकडून स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडे मागून आणा. ओल्या फडक्यात गुंडाळून तासा-दोन तासांत आपल्या टाकीत टाका. सहा आठवड्यांचे काम दोन-तीन आठवड्यांवर येऊ शकते. ज्या टाकीत मासे आजारी आहेत, तेथून मात्र काहीही आणू नका. रोगही विरजणाबरोबर येतो.

रोजकीर्द ठेवा

हे सारे चालले आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी अमोनिया आणि नायट्राईट तपासण्याचे थेंबांचे संच मिळतात. नळीत टाकीचे पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे, आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. एका घराला हा खर्च जड वाटेल. पण आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून किंवा तरुण मंडळाने एक संच घेतला तर तो पुष्कळ दिवस पुरतो. शाळेतील विज्ञान शिक्षकांनी मनावर घेतले तर वर्गासाठी हा उत्तम प्रयोग आहे.

मुलाला एक दोन रुळी वही द्या. तीत चार रकाने आखायला सांगा: तारीख, अमोनिया, नायट्राईट, शेरा. दर दोन दिवसांनी नोंद व्हावी. साधारण चित्र असे दिसेल. पहिला आठवडा-दीड आठवडा अमोनिया जागचा हलत नाही. मग तो उतरू लागतो आणि नायट्राईट चढू लागते. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा ३० मिलिलिटरची मात्रा द्यावी. नायट्राईट फारच चढले तर अर्धे पाणी बदलून घ्यावे आणि मात्रा निम्मी करावी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नायट्राईट शिगेला पोहोचते. घरची माणसे याच वेळी कंटाळतात आणि म्हणतात, "आणा आता मासे, किती दिवस नुसतं पाणी बघायचं?" याच वेळी थांबायचे असते. मग एके दिवशी नायट्राईट झपाट्याने उतरते.

टाकी तयार झाल्याची कसोटी एकच. संध्याकाळी पूर्ण मात्रा द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तपासा. अमोनिया शून्य आणि नायट्राईटही शून्य आले तर दोन्ही टेबलांवरचे कारकून कामावर हजर आहेत असे समजा. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदला, म्हणजे साचलेले नायट्रेट कमी होईल, आणि एक-दोन दिवसांत मासे आणा. त्याहून जास्त थांबायचे असेल तर थोडी थोडी मात्रा देत राहा, नाहीतर जमवलेले जिवाणू उपाशी मरतील.

ज्यांना संच मिळतच नाही त्यांनी खाद्याच्या रीतीने पूर्ण सहा आठवडे थांबावे, हिवाळा असेल तर आठ, आणि सुरुवातीला दोन-तीनच मासे आणून पाहावे. पहिल्या काही दिवसांत पाणी दुधाळ दिसू लागले तर घाबरू नका. ते वेगळ्या जिवाणूंचे उधाण असते, आपोआप ओसरते.

कोणते मासे, किती मासे?

आपल्या जड पाण्याला गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे मानवतात. गप्पी आपल्याला परके नाहीत. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खाते ते साचलेल्या पाण्यात सोडत आले आहे. पन्नास लिटरच्या टाकीला सहा-आठ गप्पी पुरेत. पहिल्या वेळी तीनच आणावेत, दोन आठवड्यांनी बाकीचे. नर-मादी दोन्ही आणलेत तर महिन्या-महिन्याला पिल्ले होतील, त्यांची सोय आधी ठरवा. जास्त झालेले मासे ओढ्यात, तलावात किंवा येरळेत सोडू नका. परके मासे आपल्या पाण्यात माजले की स्थानिक माशांना जागा उरत नाही.

आणलेली पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवा. मग तीत टाकीचे पाणी वाटी-वाटीने घाला. नंतर जाळीने मासे उचलून टाकीत सोडा, पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका. खाद्य दिवसातून एक-दोन वेळाच, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्या. आई-बाबा, ताई-दादा आणि पाहुणे अशा सगळ्यांनी प्रेमाने चिमूट-चिमूट टाकली की टाकीचा जमाखर्च पुन्हा बिघडतो.

लख्ख धुण्याची खोड

चांगली लागलेली टाकी बिघडते ती बहुधा स्वच्छतेच्या हौसेपायी. दर रविवारी टाकी रिकामी करायची, खडे साबणाने घासायचे, स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र करायचा, नवे पाणी भरायचे. घराची बाई राबते आणि मासे पुन्हा मरतात! कारण त्या तपकिरी, बुळबुळीत स्पंजातच सगळे कामगार राहत होते. त्यांची वस्तीच उठवली तर काम कोण करणार?

योग्य रीत अशी. आठवड्याला पाव टाकी पाणी काढा, तळची घाण नळीने ओढून घ्या आणि तेवढेच मुरवलेले पाणी भरा. स्पंज तुंबला असेल तर काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा पिळा आणि परत लावा. खडे आणि स्पंज एकाच दिवशी साफ करू नका. साबण तर जवळही आणू नका. रोग ओळखल्याशिवाय निळे औषध टाकू नका, त्याने जिवाणूंनाही इजा पोहोचू शकते. काढलेले पाणी मोरीत घालवू नका, कुंडीतल्या झाडाला घाला. त्यातले नायट्रेट झाडाला खत आहे.

ज्यांनी मासे आधीच सोडले आहेत आणि ते धापा टाकत आहेत, त्यांनी हताश होऊ नये. खाद्य दोन दिवस बंद ठेवा. रोज एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदला, बदललेले पाणी क्लोरिन उडालेले असावे. पंप जोरात चालवा. लिटरला एक ग्रॅम या मापाने मीठ विरघळवून घाला, मिठातले क्लोराईड नायट्राईटला रक्तात शिरण्यापासून अडवते. अशा रीतीने महिनाभर नेटाने पाणी बदलत राहिले तर मासे वाचू शकतात आणि टाकीही मुरते. पण यात कष्टही जास्त आणि माशाचे हालही जास्त.

टाकीतले नायट्रेट आणि विहिरीतले नायट्रेट

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. टाकीत जे घडते तेच आपल्या शिवारात घडते. ताकारी आणि टेंभू योजनांचे पाणी आले आणि कडेगाव तालुक्याच्या कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. चांगले झाले. पण उसाला आपण जे खत ओततो त्यातला अमोनिया जमिनीतले जिवाणू नायट्रेटमध्येच बदलतात. पिकाने उचलले तेवढे उचलले, उरलेले पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरीत, बोअरमध्ये उतरते. उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीजवळ असेल तर त्याचीही भर पडते. टाकीतले पाणी आपण बदलू शकतो. विहिरीतले कसे बदलणार?

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाने ठरवलेली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेटचे पाणी सहा महिन्यांच्या आतील बाळाला धोक्याचे आहे. वरचे दूध त्या पाण्यात कालवून पाजले तर बाळाच्या शरीरात नायट्रेटचे नायट्राईट होते, आणि टाकीतल्या माशाच्या रक्ताचे होते तेच बाळाच्या रक्ताचे होते. बाळ निळे पडू लागते. लक्षात ठेवा, असे पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते. तान्ह्या बाळाला आईचे दूध, आणि वरचे द्यावेच लागले तर तपासलेले पाणी, हाच मार्ग आहे.

तपासणी अवघड नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावागावांतील महिलांना फिल्ड टेस्ट किटने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद झाली. आपल्या गावात ते किट कोणाकडे आहे, शेवटची तपासणी केव्हा झाली आणि नायट्रेटचा आकडा किती आला, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. ग्रामसभेत विचारा. वस्तीवरचा हातपंप आणि वस्तीची विहीर त्या यादीत आहे का, हेही पाहा. नसेल तर लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या.

भगिनींनो, ज्या मुलाने सहा आठवडे वहीत आकडे लिहिले, अमोनिया चढताना आणि उतरताना पाहिला, त्याला कोणी सांगितले की मासा दिशेने मेला किंवा बाळाला बाहेरचे लागले, तर तो गप्प बसणार नाही. तो विचारील, पाणी तपासले का? त्याला तो प्रश्न विचारू द्या. येत्या सुट्टीत मुलाने माशांची टाकी मागितली तर नाही म्हणू नका. टाकी जरूर घ्या, पण त्या दिवशी मासे घेऊ नका. त्याऐवजी एक वही घ्या आणि पहिल्या पानावर तारीख घाला.